बुरणुसाखालचा सिंह

गोट्याला परत आणायला गेलो, तेव्हा ग्रूमिंगवाल्या बाईंनी माझ्या हातात भलताच प्राणी दिला. सकाळी सोडून गेलो होतो तो सोफ्यावरच्या उशीएवढा गुबगुबीत शिह त्झू. संध्याकाळी मिळालं ते मोठ्ठ्या डोळ्यांचं, काटकुळ्या पायांचं, गुलाबी पोटाचं, पावसात भिजलेल्या घुशीसारखं दिसणारं काहीतरी. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांनी कौतुकानं विचारलं, "नवीन आणला का साहेब?" मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "आणि गोट्याचं काय झालं?"

गोट्याचं जे झालं होतं ते एका प्लास्टिकच्या पिशवीत होतं. बाईंनी ती मुद्दाम उघडून दाखवली. केस सुटे निघालेच नव्हते. मानेपासून शेपटीपर्यंत एकच सलग तुकडा, घोंगडीपेक्षा दाट. "दादा, रोज ब्रश करतो म्हणालात ना? वरवर फिरवता तुम्ही तो. वरून मखमल, खाली बुरणूस," त्या म्हणाल्या. त्या बुरणुसाखाली आणखीही काही सापडलं होतं. कानामागे टच्च फुगलेल्या दोन गोचिडी. पुढच्या पायाच्या आतल्या अंगठ्याचं नख गोल वळून कातडीला टेकायच्या बेतात. डाव्या काखेत लाल चट्टा. तीन वर्षं हा कुत्रा माझ्या मांडीवर झोपत होता आणि यातलं मला काहीएक ठाऊक नव्हतं.

या जातीत दिसतात ते सगळे केस असतात. कुत्रा त्यांच्या आत कुठंतरी राहतो. डॉबरमन अशक्त झाला तर रस्त्यावरच्या माणसालाही त्याच्या बरगड्या मोजता येतात. शिह त्झूचं वजन किलोभर उतरलं तरी फोटोत तो तसाच गुटगुटीत. म्हणून त्याची निगा राखणं आणि त्याची ओळख करून घेणं ही दोन वेगळी कामं नाहीत, हे मला त्या पिशवीनं शिकवलं. आधी नाव-गाव बघू, मग फणीकडे वळू.

नावापासूनच अडखळायला होतं. दुकानांच्या पाट्यांवर शिट्झू, शिझू, शित्सू असं काहीही वाचायला मिळतं. मूळ चिनी शब्दाचा अर्थ सिंह. पुण्यामुंबईतल्या कितीतरी शिह त्झूंचं घरातलं नाव सिंबा असतं, आणि स्वाहिली भाषेत सिंबा म्हणजेही सिंहच. कुकरच्या शिटीला दचकणाऱ्या पाच-सहा किलोच्या जिवावर हा दुहेरी भार! चीनमध्ये आज या कुत्र्याला शीशी नावाच्या प्राचीन काळच्या प्रसिद्ध सुंदरीच्या नावानंही ओळखतात. आणखी एक नाव आहे शेवंतीमुख्या कुत्र्याचं. नाकाच्या बुडापासून केस चहूबाजूंनी फाकतात, त्यामुळे पिल्लाचा चेहरा खरोखरच पूर्ण उमललेल्या शेवंतीसारखा दिसतो. मला विचाराल तर तिन्हींत हेच नाव प्रामाणिक.

पण सिंह आला कुठून? चीनच्या रानात सिंह नाहीत. तिथल्या कारागिरांपर्यंत सिंह पोचला तो भारतातून गेलेल्या बौद्ध कथांतून, मूर्तींतून, आणि अधूनमधून पश्चिमेकडच्या राजांनी नजराणा म्हणून पाठवलेल्या एखाद्या जनावरातून. मंजुश्री बोधिसत्त्वाचं वाहन सिंह. त्याच्यासोबत एक चिमुकला कुत्रा असे आणि वेळ आली की तो सिंहाचं रूप घेई, अशी कथा आहे. बहुतेकांनी खरा सिंह आयुष्यात पाहिलेलाच नाही, त्यामुळे चिनी देवळांच्या दाराशी बसलेले दगडी सिंह गीरच्या सिंहापेक्षा कुरळ्या आयाळीच्या, चपट्या नाकाच्या कुत्र्यासारखे जास्त दिसतात. गोट्या जांभई देतो तेव्हा अगदी तसाच दिसतो.

तिबेटमधल्या मठांत लांब केसांचे छोटे कुत्रे पूर्वीपासून होते. लामांकडून ते चीनच्या दरबारात भेटीदाखल जात. तिथं आधीपासून असलेल्या पेकिंगीज वगैरे चपट्या तोंडाच्या कुत्र्यांशी त्यांचा संकर होऊन शिह त्झू घडला, असं साधारण मानलं जातं. छिंग घराण्याची राजमाता त्सशी हिला या कुत्र्यांचा मोठा षोक. पैदाशीवर तिची स्वतःची नजर असे. १९०८ साली तेरावे दलाई लामा पेकिंगला आले, तेव्हा त्यांनीही तिला असे कुत्रे भेट दिल्याचं सांगतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती वारली. १९१२ मध्ये बादशाहीच संपली आणि राजवाड्यातली ती शिस्तशीर पैदासही विस्कटली.

ही जात आज आपल्या मांडीवर आहे ती थोडक्यात वाचली म्हणून. १९३० मध्ये ब्राउनरिग नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं आणि त्याच्या पत्नीनं एक जोडी चीनमधून इंग्लंडला नेली. कुणी आयर्लंडला नेले, एका डॅनिश राजदूतानं काही नॉर्वेला नेले. पुढे चीनमधल्या उलथापालथीत तिथला वंश जवळजवळ संपला. आज जगभरात जे शिह त्झू आहेत, त्यांचं मूळ सगळं मिळून १४ कुत्र्यांपाशी जातं असं सांगितलं जातं. सात नर, सात माद्या. त्यातला एक तर शिह त्झूही नव्हता, तो पेकिंगीज होता. १९५२ मध्ये इंग्लंडात मुद्दाम मिसळलेला. इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या जातीत काही दुखणी घराण्यातच उतरतात. पिल्लूपणीच मूत्रपिंडं नीट न घडण्याचा एक आजार शिह त्झू आणि ल्हासा या दोन्हींत माहितीचा आहे. म्हणून पिल्लू घेताना आईबापांच्या तब्येतीची चौकशी करणं हा आगाऊपणा समजू नये.

ल्हासा हा चुलतभाऊ. इंग्लंडात सुरुवातीला दोघांना एकाच नावाखाली प्रदर्शनात उभं करत. १९३३ साली चेल्टनहॅमच्या प्रदर्शनात दोन्हीकडचे कुत्रे शेजारीशेजारी आले आणि हे दोन वेगळे प्रकार आहेत हे बघणाऱ्यांच्या लक्षात आलं. ल्हासाचं नाक थोडं लांब, डोकं अरुंद, डोळे मध्यम. शिह त्झूचं डोकं गोल, डोळे मोठे, चाल अशी की जणू दरबारात प्रवेश करतोय. स्वभावात तर जमीन-अस्मानाचा फरक. ल्हासा मठाच्या आतल्या दालनांत राखणीला असायचा, परक्या माणसावर त्याचा चटकन विश्वास बसत नाही. दार्जिलिंगला तेनसिंग नोर्गे यांनी हौसेनं पाळले आणि वाढवले ते हेच ल्हासा. शिह त्झूला मात्र परकं कुणी वाटतच नाही. आमच्याकडे चोर आला तर गोट्या त्याला आधी चप्पल आणून देईल आणि मग त्याच्या मांडीवर चढेल.

यात त्याचा दोष नाही. मेंढ्या वळणं, शिकार उचलून आणणं, गाडी ओढणं, राखण करणं यातलं कुठलंही काम त्याच्या पूर्वजांना कधी दिलं गेलं नाही. माणसाजवळ बसणं हेच त्यांचं काम होतं. म्हणून चेंडू फेकला तर तो चेंडूकडे आणि मग तुमच्याकडे बघतो, 'तुम्हीच टाकलात, तुम्हीच आणा' अशा नजरेनं. लोक याला मठ्ठपणा म्हणतात. पण तो खोल्याखोल्यांतून आपल्या मागे फिरतो, बाथरूमच्या दाराशी बसून राहतो, घरात कुणाचा आवाज चढला की दोघांच्या मध्ये येऊन उभा राहतो. हे त्याचं कौशल्य आहे आणि त्यात तो तरबेज आहे. २००४ मध्ये ८५ जातींच्या कुत्र्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात लांडग्याला तुलनेनं जवळच्या, जुन्या जातींच्या गटात अकिता, हस्की यांच्याबरोबर चक्क शिह त्झूही निघाला. हे वाचून मी गोट्याकडे पाहिलं. तो मारी बिस्किटाच्या पुड्याकडे बघत होता.

आता केस.

कुत्र्यांच्या केसांचं बाह्यरूप फार थोड्या जनुकांवर ठरतं, हे २००९ मध्ये ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासातून समोर आलं. तीन जनुकं मुख्य. एफजीएफ-५ हे केसाच्या मुळाला 'आता पुरे' असं सांगणारं. त्यात बिघाड झाला की केस वाढतच राहतात. आरएसपीओ-२ मुळे मिशा, दाढी आणि भुवया येतात. केआरटी-७१ मुळे कुरळेपणा. शिह त्झूकडे लांबी आहे आणि दाढीमिशाही. पामेरियनसारखा तो वर्षातून दोनदा घरभर केसांचा सडा घालत नाही, याचंच लोकांना अप्रूप. 'केस गळत नाहीत' म्हणून फ्लॅटमध्ये तो घेतला जातो. केस गळतात; खाली पडत नाहीत इतकंच. गळलेला केस शेजारच्या जिवंत केसांत अडकून राहतो. आणि ज्यांना कुत्र्याची ॲलर्जी आहे, त्यांची यातून सुटका होत नाही, कारण ॲलर्जी येते ती मुख्यतः लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे.

अडकलेल्या केसाचं पुढे काय होतं, हे ज्यानं धनगराला बुरणूस करताना पाहिलंय त्याला सांगायला नको. प्रत्येक केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात. ओलावा आणि घासणं मिळालं की हे खवले एकमेकांत रुततात आणि मागे सरकत नाहीत. लोकर भिजवून, मळून, दाबून बुरणूस करतात तो याच गुणावर. ना माग, ना धागा. कुत्र्याच्या अंगावर हेच नकळत घडतं. जिथं घासलं जातं तिथं आधी: कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, मांड्यांच्या मधे, दाढीत. आणि इथंच आमच्यासारखे लोक फसतात. केस गुंतलेत म्हणून आपण त्याला आंघोळ घालतो, टॉवेलनं खसाखसा पुसतो. म्हणजे बुरणूस करायची सगळी कृती आपण मन लावून पार पाडतो. आंघोळीच्या आधी गुंता निघालाच पाहिजे, हा या कामातला पहिला नियम, आणि तीन वर्षं मी तो उलटा पाळला.

दुसरी चूक ब्रशची. गादीवर तारांचे दात असलेला पिन ब्रश वरून फिरवला की वरचा बोटभर थर रेशमासारखा होतो, आणि खालच्या थराला त्याचा स्पर्शही होत नाही. पार्लरवाल्या बाईंनी त्या दिवशी मला रीत दाखवली. कुत्र्याला कुशीवर निजवायचं. पोटाच्या कडेला केसांत भांग पाडायचा. भांगात कातडी दिसलीच पाहिजे. तिथून खाली पडलेला तेवढा थर विंचरायचा, मग बोटभर वर सरकून नवा भांग. असं करत पाठीच्या कण्यापर्यंत. कोरडे केस तुटतात म्हणून आधी पाण्यात थोडं कंडिशनर मिसळून फवारायचं. आणि ब्रश झाल्यावर स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत घालून बघायचा. कंगवा अडला तर काम झालेलं नाही.

काही महिन्यांनी घरी मी हे आईला मोठ्या उत्साहानं समजावत होतो. केस दोनेक इंच वाढून आले होते आणि मी काखेतली पहिली गाठ ओढत होतो. गोट्या कुंईकुंई करत होता. "सर तू बाजूला," आई म्हणाली. "ताईच्या वेळी पण तुला जमलं नव्हतं." रविवारी सकाळी ताईचे कमरेपर्यंतचे केस तिनं वर्षानुवर्षं सोडवले होते. तिनं गाठ आणि कातडी यांच्या मधला केस चिमटीत घट्ट धरला, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही. गाठीचं टोक बोटांनी उकललं, कंगव्याच्या कडेच्या दोन दातांनी थोडं पिंजलं, मग एक बोट वर. खालून वर, कधी वरून खाली नाही. महागड्या परदेशी पुस्तिकांत आकृत्या काढून शिकवतात ती पद्धत हीच. खोबरेल तेलावरून मात्र आमचं वाजलं. तेलानं धूळ चिकटते आणि तो चाटत बसतो, एवढं समजावून ती बाटली मी फडताळात ठेवली. ती अजून मनातून पटलेली नाही.

एक गोष्ट मात्र आईलाही करू देत नाही: कातरी. गाठीत कातडी ओढली जाऊन तंबूसारखी वर आलेली असते आणि ती केसांत दिसत नाही. गाठ कापायला जावं आणि कातडी कापली जावी, हे सर्रास घडतं. सुटणारी नसेल अशी गाठ मशीनवाल्या माणसाकडेच न्यावी आणि केस गेले तर जाऊ द्यावेत.

पिल्लू दहा-बारा महिन्यांचं होतं तेव्हा अंगावरचे मऊ बाळकेस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात. त्या काही आठवड्यांत गुंता अक्षरशः रातोरात होतो. कालपर्यंत नीट असलेला कुत्रा आज असा का, म्हणून लोक हैराण होतात. तो काळ रोज विंचरून काढायचा. एरवी प्रदर्शनात दिसतात तसे जमिनीवर लोळणारे केस ठेवायचे असतील तर रोज अर्धा-पाऊण तास धरून चाला. आम्ही ठेवले नाहीत. दर पाच-सहा आठवड्यांनी इंच-दीड इंचाचा कट आणि एक दिवसाआड दहा मिनिटं कंगवा. डोळ्यांवरचे केस एकतर छाटायचे नाहीतर तुरा बांधायचा; तोही सैल, आणि रबर काढताना ओढायचं नाही, कापायचं.

आंघोळ दोन-तीन आठवड्यांनी पुरते. माणसांचा शाम्पू नको. आपल्या त्वचेचा कल आम्लाकडे, कुत्र्याची त्वचा उदासीनच्या जवळ, आणि तिचा वरचा थर आपल्याहून बराच पातळ. बेबी शाम्पूही माणसाच्याच बाळासाठी असतो. खरी कसोटी आंघोळीची नाही, वाळवण्याची. कोकणात, मुंबईत, पावसाळ्यातल्या पुण्यातही केस वरून सुकतात आणि मुळाशी दमट राहतात. त्या दमटपणात बुरशी आणि यीस्ट माजतं. लोंबत्या कानांच्या आत तर विशेष. कानाला आंबूस वास आला, तो सारखं डोकं झटकू लागला, तर डॉक्टरांकडे जायचं. कापसाच्या काडीनं आत खोल कोरायचं नाही. ड्रायर कोमट ठेवून, कंगव्यानं केस उचलत मुळापर्यंत वाळवावं लागतं. जून ते सप्टेंबर आमच्याकडे यावरच विजेचं बिल वाढतं. गोचिडीही याच दिवसांत. कान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचं बूड रोज चाचपायचं. गोचीड रक्त पिते तेवढ्यावर थांबत नाही, एर्लिशिया, बबेसिया यांसारखे आजार देऊन जाते.

चेहऱ्याशी आलो की फणी. हो, उवांचीच. डोळ्यांच्या कोपऱ्यातली चिकट घाण कोमट पाण्यानं भिजवून बारीक दातांच्या फणीनं हलकेच उतरवावी, याला दुसरं चांगलं हत्यार मला सापडलेलं नाही. पांढऱ्या केसांवर डोळ्यांखाली पडणारे तांबूस डाग म्हणजे अश्रूंतलं पॉर्फिरिन. रक्तातल्या तांबड्या पेशी मोडताना तयार होणारं, लोह असलेलं रंगद्रव्य. सतत चाटलेला पंजाही त्याच कारणानं तांबूस होतो. डाग घालवायच्या पावडरी मिळतात. त्यातल्या काहींमध्ये टायलोसिन नावाचं प्रतिजैविक असल्याचं आढळल्यावर २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं उत्पादकांना ताकीद दिली होती. डाग धुवावा, कोरडा ठेवावा. एकाएकी वाढला तर डोळ्यात केस टोचतोय का, अश्रूंची नळी बंद आहे का, हे डॉक्टरांनी बघावं.

कारण या जातीचे डोळे हा खरोखर काळजीचा भाग. कवटीतल्या खोबण्या उथळ, डोळे मोठे, पापण्या कधीकधी पुरत्या मिटतच नाहीत. त्यामुळे बुबुळ कोरडं पडतं, ओरखडतं, तिथं व्रण होतो. गळ्यातल्या पट्ट्याला जोराचा हिसका बसला किंवा मोठ्या कुत्र्यानं मान धरली, तर डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. असं झालं तर तो आत ढकलायचा नाही. स्वच्छ ओलं फडकं धरून तडक दवाखाना गाठायचा. म्हणून फिरायला नेताना गळ्याला पट्टा नाही, छातीवरचा हार्नेस. एक डोळा बारीक करून बसलेला शिह त्झू 'गोड दिसतोय' म्हणून त्याचा फोटो काढू नये. त्याला दुखत असतं.

तोंडात ४२ दात. ग्रेट डेनच्या जबड्यात तेवढेच असतात. इथं मात्र ते बाकड्यावर चौथा माणूस बसवावा तसे दाटीवाटीनं बसवलेले. अन्न अडकतं, किटण चढतं, हिरड्या सुजतात. कुत्र्यांची पेस्ट आणि लहान मुलांचा ब्रश, जमेल तितकं रोज. आपली पेस्ट नाही, कारण ती तो गिळतो. नखांचं सांगायचं तर गुळगुळीत टाइल्सवर राहणाऱ्या कुत्र्याची नखं झिजत नाहीत. फरशीवर टकटक ऐकू आली की कापायची वेळ झाली. काळ्या नखातली रक्ताची शीर दिसत नाही, म्हणून एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढंच. चुकून रक्त आलंच तर मैदा दाबून धरायचा. आणि तो आतला अंगठा विसरायचा नाही. मी विसरलो होतो.

हे सगळं हातांनी करताना एक गोष्ट हळूहळू उमगली. केसांनी गोट्याचं शरीर झाकलं होतं तसंच त्याचं बोलणंही. नॉर्वेच्या श्वान-प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी कुत्र्यांच्या ज्या बारीक खुणा टिपून ठेवल्यात, म्हणजे तोंड फिरवणं, जीभ चटकन नाकावरून नेणं, झोप नसताना जांभई, त्या शिह त्झूच्या चेहऱ्यावर भुवया-मिशांच्या आड हरवतात. कान लोंबते, त्यामुळे ताठ की पडलेले, कळत नाही. शेपूट पाठीवर वळलेली, ती सहसा खाली जातच नाही. बागेतल्या इतर कुत्र्यांनाही तो वाचता येत नाही, आणि मग त्यांचा गैरसमज होतो. पण कंगवा हातात असताना त्याचं अंग बोटांखाली असतं. काखेशी आलो की श्वास थांबतो. मागच्या पायाला हात लावण्याआधीच मांडीचा स्नायू ताठ होतो. मग जीभ नाकावर. मग नजर बाजूला. याच्यापुढे गेलं तर गुरगुर, आणि त्याच्याही पुढे गेलं तर दात. 'अचानक चावला' असं जे म्हणतात, त्याआधी तो बहुतेक वेळा चारदा बोललेला असतो.

म्हणून आमच्याकडे आता दहा मिनिटांच्या वर बैठक नाही. चटईवर थोडा चक्का फासून त्याच्यापुढे ठेवायचा, तो चाटतोय तोवर एक बाजू. तो थांबला की आपणही थांबायचं. श्वास मोकळा सुटला की पुन्हा. पिल्लाला घरी आणल्या दिवसापासून पंजे, कान, ओठ यांना हात लावायची सवय लावली तर हे सोपं जातं. मोठ्या वयात, एकदा दुखलेल्या कुत्र्याला पटवायला महिने लागतात. गोट्याला चार लागले.

उन्हाळ्याबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे: केस काढून टाकले की त्याला गार वाटेल. कुत्रा अंगावाटे घाम गाळत नाही, पंजांच्या तळव्यांना थोडा येतो तेवढाच. उष्णता जाते ती जीभ आणि नाकाच्या आतल्या ओल्या पडद्यावरून, धापांबरोबर. शिह त्झूचं नाकच आखूड, म्हणजे हा कूलर मुळात लहान. त्याचं अंग एरवीच साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. केस आखूड ठेवावेत, पण कातडी दिसेपर्यंत तासू नयेत, ती भाजते. एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री जेवणानंतर. घोरल्यासारखी धाप, गडद लाल जीभ, लडखडणं दिसलं की साधं पाणी ओतायचं, पंखा लावायचा आणि निघायचं. बंद गाडीत पाच मिनिटांसाठीही ठेवायचं नाही.

हे वाचूनही कुणाला घ्यायचाच असेल, तर दोन सूचना. 'टीकप' किंवा 'इम्पीरियल' शिह त्झू अशी वेगळी जात नाही. चार ते साडेसात किलो हेच त्याचं माप. त्याहून चिमुकला म्हणून जास्त पैसे मागतात, ते बहुधा उपाशी किंवा वयानं फार लहान पिल्लू असतं. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कागद मागावा. पिल्लाची आई बघायला मागावी, आणि तिच्या काखेत बोट घालून बघावं. तिथं बुरणूस लागला तर बाकीच्या गप्पा ऐकायची गरज नाही.

गोट्या आता सहा वर्षांचा आहे. गेल्या रविवारी आई बाल्कनीत चटईवर बसली होती, तो तिच्या पायावर हनुवटी टेकून. मी पेपर वाचत होतो. कंगव्याचा आवाज थांबला म्हणून वर पाहिलं. तिनं उजव्या काखेजवळ भांग पाडला होता आणि चष्मा कपाळावर सरकवून अंगठ्याखाली काहीतरी चाचपत होती. मसुरीच्या डाळीएवढी गाठ. संध्याकाळी डॉक्टरांनी सुई घालून नमुना बघितला; तेलग्रंथीची साधी गाठ, वयानं येते, वाढली तर काढू म्हणाले. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, किती दिवसांपासून आहे? मी आईकडे पाहिलं.

"शुक्रवारी नव्हती," ती म्हणाली.